डाव्या पायाची साक्ष

त्याच्या पान्यात चार टक्क्यांची खोट आहे, हे तिने त्याला ओळख होण्याआधीच सांगितले. ओळख नंतर झाली, आणि तीही रीतसर नव्हे.

उपकरणे तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत वजनकाटे येत, तापमापक येत, दाबमापक येत. त्यांचे मालक मात्र क्वचितच येत. हा मेकॅनिक स्वतः आला होता. आजारी मांजर डॉक्टरांकडे न्यावे तसा पाना फडक्यात गुंडाळून त्याने आणला आणि तिच्या टेबलावर अलगद ठेवला. तो टॉर्क पाना होता: नट ठरवलेल्या जोराइतका आवळला गेला की ‘टक्’ असा आवाज करून हाताला थांबवणारा.

“चार टक्के जास्त आवळतो,” ती म्हणाली.

“माझ्या हाताला वाटतच होतं.”

“हाताला किती टक्के वाटत होतं?”

तो विचारात पडला. “हात एवढं स्पष्ट बोलत नाही हो, मॅडम. नुसता कुरकुरतो.”

तिला हसू आले. ते तिने नोंदवहीत पाहत गिळले. ‘साधारण’ आणि ‘जवळपास’ हे शब्द तिने कधी वापरले नव्हते, म्हणून सहकारी तिच्या माघारी तिला दशांश मॅडम म्हणत, आणि हे तिला ठाऊक होते. तिने पान्याचा स्क्रू फिरवून खोट काढली आणि त्या स्क्रूवर लाल लाखेचा एक ठिपका दिला. कोणी स्क्रू हलवला तर ठिपका तडकतो. चोरी लपत नाही.

“आता वर्षभर यायची गरज नाही.”

“वर्षभर?” त्याने विचारले. आवाजात समाधान असायला हवे होते. ते नव्हते.

तो अठराव्या दिवशी आला. पाना आता अकरा टक्के चुकत होता.

तिने भिंगाखाली स्क्रू धरला. लाल ठिपका नखाने खरवडलेला होता. तिने मान वर केली, तेव्हा मेकॅनिक छताच्या पंख्याकडे अशा एकाग्रतेने पाहत होता, जणू तो पंखाच त्याने दुरुस्तीला आणला होता. तिने पुन्हा स्क्रू फिरवला आणि पुन्हा ठिपका दिला. पण या वेळी ठिपका जरा वाकडा पडला... आणि ही गोष्ट तिने कुठेही नोंदवली नाही.

“ही चावी तुमची?” त्याचे लक्ष तिच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेले होते. “चपटी, पितळेची. अशी चावी जुन्या मोटरसायकलींनाच असते. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बरोबर?”

“वडिलांची आहे. त्यांनीच शिकवली मला. बारा वर्षं शेडमध्ये उभी आहे.”

“बिघडलीय?”

“गाडी नाही,” ती म्हणाली.

तिला हे बोलायचे नव्हते. तोंडातून निघून गेले. मग सावरून तिने सांगितले की गाडी कोणाला तरी देऊन टाकायची आहे, पण वडिलांची वस्तू बंद अवस्थेत देणे बरे दिसत नाही. ती चालू करून मिळेल का?

“रविवारी येतो,” तो म्हणाला. पाना टेबलावरच विसरून तो निघाला, आणि दारातून परत आला.

रविवारी तिच्या आईने त्याचे स्वागत केले. आई काठी टेकत, डाव्या बाजूला थोडी झुकत चालत असे. जीभ मात्र सरळ चाले.

“या, मेकॅनिकराव. ही मुलगी गाडीवरची धूळसुद्धा मोजून पुसते, पण वर बसत नाही. घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“आई!”

“अगं, विचारलं नुसतं. चौकशीला वजन असतं का?”

“मी आणि एक मांजर,” तो गाडीखाली वाकत म्हणाला. “मांजर मला पाहुणा समजतं.”

आईने मुलीकडे पाहिले. मुलीने गाडीच्या टायरकडे पाहिले. टायर बसला होता.

मेकॅनिकने गाडी टेम्पोत घालून नेली, आणि पुढच्या रविवारपासून तीही त्याच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली. देखरेखीसाठी, असे तिने स्वतःला सांगितले. गॅरेजमागे सिमेंटचे उतरते अंगण होते. तिथे सकाळचे कोवळे ऊन आणि पेट्रोलचा वास एकाच वेळी येत. तो कार्ब्युरेटर उघडून तिच्यापुढे एकेक सुटा भाग फडक्यावर मांडे. ती ब्रशने भाग साफ करी. त्याची बोटे काळी, तिची हळूहळू काळी होत चाललेली. एकाच स्प्रिंगसाठी दोघांचे हात पुढे येत आणि दोघेही मागे घेत. मग स्प्रिंग फडक्यावर तशीच राही, आणि त्यांना एकदम काहीतरी फार महत्त्वाचे बोलायचे असे... हवामानाबद्दल.

पाचव्या रविवारी इंजिन सुरू झाले. तो धडधडणारा, संथ आवाज तिने बारा वर्षांनी ऐकला आणि ती दोन पावले मागे सरली.

“बसा,” तो म्हणाला.

“नको. चालू झाली, काम झालं.”

“एक फेरी. अंगणातल्या अंगणात.”

“मी चालवत नाही.”

“का?”

त्याने गाडी बंद केली. त्या शांततेत खोटे बोलणे अवघड होते, म्हणून तिने खरे सांगितले. बारा वर्षांपूर्वी आई तिच्या मागे बसली होती. वळणावर एक हातगाडी आडवी आली. “आणि मी थिजले. ब्रेक दाबलाच नाही. गाडी थांबायला हवी होती, थांबली नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं. मला फक्त खरचटलं.” ती हातांवरचा काळा डाग पुसू लागली. “ऐन वेळी ज्याचा पाय हलत नाही, त्याने गाडी चालवू नये. मागे तर कोणाला बसवूच नये.”

तो सहानुभूतीचे काही बोलेल, या भीतीने तिने मान वळवली. तो म्हणाला, “कोणती गाडी होती?”

“म्हणजे?”

“हीच?”

“नाही. ही त्या दिवशी दुरुस्तीला होती. शेजाऱ्यांची नवी घेतली होती.”

मेकॅनिकने हातातले फडके खाली ठेवले. “मॅडम, नव्या गाडीचा ब्रेक उजव्या पायाला असतो. तुम्ही डाव्या पायाने ब्रेक लावायला शिकलात.”

“ते मला माहीत होतं. निघण्याआधी मी दोनदा पाहून घेतलं होतं.”

“तुम्हाला माहीत होतं हो. पायाला माहीत होतं का?”

रोज दुसऱ्यांच्या उपकरणांच्या चुका हुडकणाऱ्या बाईने स्वतःची चूक एका नोंदीवर कायम करून टाकली होती. एकच नोंद, तीही भेदरलेल्या माणसाने, घटनेनंतर केलेली. कोणी असा अहवाल तिच्यापुढे ठेवला असता, तर तिने तो न वाचता परत पाठवला असता.

“हा तुमचा तर्क झाला,” ती कोरडेपणाने म्हणाली. “तपासायला हवा.”

“तपासा की. तुमचंच काम आहे ते.”

पुढच्या रविवारी चाचणी ठरली. नव्या घडणीची एक गाडी, इंजिन बंद, अंगणाचा हलका उतार. तिने फक्त घरंगळत यायचे. हाताच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मेकॅनिक तिच्या पाठीमागे उभा राहून, मनाला येईल तेव्हा, डब्याचे झाकण सिमेंटवर आपटणार. आवाज झाला की थांबायचे. असे वीस वेळा.

“कोणता पाय हलला, ते मी बघतो,” तो म्हणाला.

“नाही. तुम्ही पक्षपाती आहात.”

“कोणाच्या बाजूने?” त्याने साळसूदपणे विचारले.

तिचे कान तापले. “नोंद आई करेल.”

आई खडू घेऊन खुर्चीवर बसली. झाकण वाजू लागले. पहिल्या दोन वेळा तिने जाणीवपूर्वक उजवा पाय दाबला. मग मेकॅनिकने खोडी काढली. तो तिला मांजराच्या गमती सांगू लागला, आणि हसता हसता मध्येच झाकण आपटू लागला. एकदा तर त्याने झाकण आपटलेच नाही, नुसते “आज छान दिसता” म्हणाला, आणि तरीही तिचा पाय खाली गेला.

“ही धरायची का?” आईने विचारले.

“नाही!” दोघे एकदम म्हणाले.

वीस झाल्या. तिने हेल्मेट काढले. “किती?”

“डावा पाय चौदा वेळा. उजवा सहा.” आईने खडू खाली ठेवला. “एकदाही तुझा पाय जागच्या जागी राहिला नाही बघ.”

“चौदा...”

“त्या दिवशीही तसंच.”

तिने झटकन आईकडे पाहिले. “काय तसंच?”

“तुझा पाय. मी मागेच नव्हते का बसलेले? तू डावा पाय जोरात खाली मारलास, गाडीने हिसका दिला. गिअर पडला असणार. तू थिजलीबिजली नव्हतीस.”

“आई, तू बारा वर्षं हे सांगितलं नाहीस?”

“तू विचारलंस कधी? विषय काढला की उठून आत जायचीस. मला वाटलं, तुला माहीतच असेल, शिकलेली मुलगी.” आईने काठी जवळ ओढली. “हाड माझं मोडलं, पण गाडीवर रुसलीस तू. मला आवडायचं गं मागे बसायला.”

ती गाडीवरच बसून राहिली. काही चुका अशा असतात की त्या का झाल्या ते सांगता येत नाही; त्या सोसाव्या लागतात. आणि काही ठरावीक दिशेने, ठरावीक कारणाने होतात. त्या दुरुस्त करता येतात. हा फरक ती नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी शिकवत असे. डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत. काळ्या हातांनी डोळे पुसणे आरोग्याला योग्य नव्हते.

मेकॅनिकने तिच्या वडिलांची मोटरसायकल आतून बाहेर आणली आणि तिच्याजवळ उभी केली. तिने पितळी चावी फिरवली. किक तिनेच मारली, तिसऱ्या प्रयत्नाला. अंगणात एक फेरी. मग गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. परत येताना तो मुद्दाम झाकण आपटणार, हे तिला ठाऊक होते. त्याने ते आपटले, डावा पाय खाली गेला, आणि गाडी त्याच्या बुटांपासून एका वितीवर जागच्या जागी थांबली.

“आई, बस मागे,” ती म्हणाली.

“मी पुढच्या रविवारी. आधी मेकॅनिकरावांना बसव. त्यांची हाडं अजून नवी आहेत.”

मेकॅनिक दोन पावले मागे सरला, ती सरली होती तशीच. “मी... कोणाच्या मागे बसत नाही.”

“का?”

“मागे बसलं की हातात काही नसतं. ना ब्रेक, ना क्लच. दुसऱ्याच्या भरवशावर सगळं.”

“माझ्या कामावर भरवसा नाही?”

“आहे की. तुमच्याकडूनच पाना तपासून...”

“पान्याचं राहू द्या. लाल ठिपका तुम्ही नखाने खरवडला होतात.”

त्याचा चेहरा कानापासून लाल होत गेला. “कळलं होतं तुम्हाला?”

“पहिल्याच मिनिटाला. त्या पान्याने कोणाची गाडी आवळली असतीत तर मी तुमची तक्रार केली असती.”

“छे हो! कामाचा पाना वेगळा आहे. तो नुसता... तुमच्याकडे यायचा पाना होता.” त्याने श्वास घेतला. “वर्षभर थांबणं जमलं नसतं. मग बोलला का नाहीत तेव्हा?”

“एका नोंदीवरून मी निष्कर्ष काढत नाही,” ती म्हणाली. आपण आयुष्यात एकदा तो काढला होता, हे तिला आठवले, आणि ती किंचित हसली. “म्हटलं, पुन्हा येतो का बघू.”

“आणि? आता किती झाल्या नोंदी?”

“पुरेशा.”

हा शब्द तिने याआधी कधीही वापरला नव्हता. त्यात एकही दशांश नव्हता.

आई खुर्ची वळवून भिंतीकडे पाहू लागली होती, त्या भिंतीवर पाहण्यासारखे काहीही नसताना. मेकॅनिकने दुसरे हेल्मेट घातले, पट्टा दोनदा तपासला आणि जपून मागच्या सीटवर बसला. त्याचे हात काही क्षण हवेत राहिले. कुठे ठेवावेत हे न कळलेले, रोज नट-बोल्ट आवळणारे हात.

“धरू?” त्याने विचारले.

“धरावंच लागेल. वळण आहे पुढे.”

हात तिच्या कमरेशी आले. फार हलके.

“किती घट्ट, मॅडम?”

तिने गिअर टाकला, उजव्या पायाने, न पाहता.

“टक् आवाज येईपर्यंत.”

गाडी फाटकाबाहेर पडली. पहिल्या वळणावर त्याचे हात आवळले गेले, आणि तिच्या कानामागे, त्याच्या हेल्मेटच्या आतून, जिभेने टाळूवर केलेला अगदी लहानसा आवाज आला. तिने तो स्पष्ट ऐकला.