ऐनाच्या खोडातला मार

ही गोष्ट ऐकीव नाही. दर्शन माझा सख्खा मावसभाऊ, आणि त्या संध्याकाळी दवाखान्यात मी स्वतः होतो.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रात्रबित्र नव्हती... भर दुपारचे दोन वाजले होते.

दर्शन टेमघरला राहतो, हळदीची गाणी बनवतो. यंदा त्याला काहीतरी वेगळं हवं होतं. उन्हाळ्यात झाड तहानलं की खोडाच्या आत बारीक टिकटिक होते. नुसत्या कानाला ती ऐकू येत नाही, पण खोडाला चिकटवायचा माइक मिळतो, तो पकडतो. त्या टिकटिकीवर ताल बांधायचा, असं त्याने ठरवलं.

मित्र भरतला बाइकवर घेऊन तो अकलोलीच्या पुढे रानात गेला. एक जुनं, जाडजूड ऐनाचं झाड सापडलं.

मोळी घेऊन चाललेली एक बाई थांबली. मंगळी तिचं नाव.

"त्या झाडाला नको लावू काही, दादा. लाकडाच्या ठेकेदाराच्या माणसांनी माझ्या आज्याला हितंच बांधून मारला. मरंस्तवर."

"मावशी, फक्त आवाज घेतोय."

"त्योच नको घेऊ."

दर्शनने माइक चिकटवला. हेडफोन भरतने लावले.

"येतंय काही?"

"टिक... टिक... मस्त आहे रे!"

मग भरतचं हसू गेलं.

"दर्शन... कोणीतरी काठीने मारतंय."

रान चिडीचूप. एक पाखरू नाही.

"चार-पाच जण आहेत रे... हसतायत..."

आणि भरतचं तोंड खोडावर आपटलं.

फट्!

शर्ट पाठीवर उभा फाटला. मागे कोणीच नव्हतं.

फट्! फट्!

पाठीवर वळ फुटले, नाकातून रक्ताची धार लागली. दर्शनने हेडफोन खेचले, माइक उपटला. मार थांबेना. भरतचे दोन्ही हात खोडाभोवती करकचून आवळले होते... दोरी मात्र नव्हती. दर्शनने हात ओढले, सुटेनात.

बरगडी मोडल्याचा आवाज त्याने उघड्या कानांनी ऐकला.

मंगळी मोळी टाकून धावत आली. भरतच्या पाठीवर अंग टाकून ओरडली, "मेला रं! मेला त्यो! जावा आता!"

सगळं एकदम थांबलं.

भरत खाली कोसळला.

तीन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. रानात भरतसोबत दुसरा पुरुष एकच होता... दर्शन. मंगळीने जे पाहिलं ते सांगितलं, पण कोणी लिहून घेतलं नाही. शेवटी भरतच म्हणाला, माझी तक्रार नाही. तेव्हा प्रकरण मिटलं.

चार दिवसांनी दर्शन त्याला भेटायला गेला.

"निदान तुझ्या घरच्यांना तरी सांग. मी मारलं नाही."

भरत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"त्यातला एक जण सारखा म्हणत होता... अजून घाल, अजून घाल..." तो थांबला. "आवाज तुझा होता, दर्शन."

हे सगळं दर्शनने मला त्याच दिवशी सांगितलं. रडत होता. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्याने दोन्ही हातांनी धरला.

तळहात सोलवटलेले होते. फोड येऊन फुटलेले.

"भरतला ओढताना झालं," मी न विचारताच तो म्हणाला.

मी मान हलवली.

त्यानंतर दोनदा त्याने मला घरी बोलावलं. मी अजून गेलेलो नाही...