डाव्या डोळ्याची चित्रं

मांडवगण फराट्याच्या शाळेतून निवृत्त झालो, तरी रविवारचा तास सुटला नव्हता. ओसरीवर चटई टाकायची आणि येतील तेवढ्या पोरांना भिंग, चुंबक, तराजू हाताळू द्यायचं. स्वतः पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका, हे मी एकतीस वर्षं सांगत आलो. करुणा माझ्याच वर्गातली. पुढे शिरूरला बी.एस्सी. झाली आणि दौंडला, मूल होत नसलेल्या जोडप्यांवर उपचार करणाऱ्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली.

२००५च्या जानेवारीत एका बुधवारी ती आईला, रंभाबाईंना, घेऊन आली. करुणाने डाव्या डोळ्यावर हातरुमाल धरलेला.

"जय भीम, गुरुजी," रंभाबाई म्हणाल्या. "पोरीच्या डोळ्यात कायतरी गेलंय, आन् तिचा डॉक्टर म्हणतोय न्हाई. डोळा गेला म्हंजी नोकरी गेली. आमच्या घरात उसाच्या फडात न गेलेली ही पयलीच."

"आई, गप ना."

"का गप? तू एका डोळ्यानं बघत बसशील आन् मी गप व्हय?"

करुणाने सांगितलं ते असं. बशीत वाढवलेल्या गर्भाभोवती पातळ कवच असतं. गर्भ बाईच्या पोटात सोडण्याआधी त्या कवचाला लेसरने बारीक भोक पाडतात, म्हणजे त्याला बाहेर यायला सोपं जातं. हा लेसर डोळ्यांना दिसत नाही. तो सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या बाजूने वर येतो. म्हणून बशीवर धातूचं झाकण हवं, आणि वर कुणी वाकायचं नाही.

पण दवाखाना रेल्वेलाइनला लागून. मालगाडी निघाली की टेबल थरथरतं, बशीतला गर्भाचा थेंब हलतो, नेम चुकतो. म्हणून करुणा दोन बोटांनी बशी दाबून धरायची. झाकण असलं की बोटं मावत नसत. त्यामुळे झाकण कायम ड्रॉवरमध्ये.

सोमवारी मालगाडी लांबलचक होती. बशी सरकते की काय म्हणून करुणा वाकली. त्याच वेळी दवाखान्याच्या डॉक्टरांनी लेसरचं बटण दाबलं.

"काही चमकलं?"

"नाही, सर. दुखलंही नाही. मंगळवारी उठले तर डाग." तिने चिठ्ठी पुढे केली. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा निर्दोष असल्याचं लिहिलं होतं.

तिथेच मला खटकलं. त्या लेसरचा प्रकाश पाण्यात शोषला जातो. इजा झालीच तर डोळ्याच्या पुढच्या भागाला होईल, आणि ती तपासणीत दिसेल. मग डाग कशाचा?

मी तिला एक कोरी वही दिली. "रोज सकाळी नऊ वाजता उजवा डोळा झाक, पांढऱ्या भिंतीकडं बघ आणि दिसेल ते काढ. वाटेल ते नाही."

पहिलं चित्र तिने माझ्यासमोरच काढलं. एक कडं. आत आठ गोल. डावीकडचा एक मोठा, खाली दोन ठिपके.

पेन्सिल ठेवून ती म्हणाली, "सर, हे काय आहे ते मला माहितीय. तीन दिवसांचा गर्भ."

मला ते आवडलं नाही. जी मुलगी दिवसभर हेच पाहते ती हेच काढणार. भीतीने असेल. दवाखान्यावर दोष ढकलायलाही असेल. आपल्या विद्यार्थिनीबद्दल असं मनात आलं याची लाज वाटली, पण आलं खरं.

गुरुवारी ते पान घेऊन एसटीने दौंडला गेलो. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. दवाखान्याचे डॉक्टर महेंद्र अदबीने बोलले, चहा मागवला.

"करुणा हुशार आहे, सर. पण घाबरट. डोळ्यात जाऊन बसायला लेसर काय कचरा आहे?"

"झाकण कुठंय?"

त्यांचा हात ड्रॉवरकडे गेला आणि थांबला. "कोण म्हणालं?"

मी चित्र पुढे ठेवलं. ते हसले. "असले आम्ही रोज बघतो." मग हसणं थांबलं. त्यांनी संगणकावर सोमवारचा फोटो काढला. दर वेळी बटण दाबलं की यंत्र आपोआप फोटो टिपतं.

कडं. आठ गोल. डावीकडचा मोठा. खाली दोन ठिपके.

"तिनं हा फोटो पाहिला असेल," मी म्हणालो.

डॉक्टर उठून करुणाच्या स्टुलावर बसले. तिथून पडद्याची फक्त पाठ दिसत होती. "त्यानंतर ती घरीच गेली," ते सावकाश म्हणाले.

"या गर्भाचं पुढं काय झालं?"

"काही नाही. आहे तिथंच थांबला. मंगळवारी टाकून दिला. त्या बाईंना कळवलंय."

त्यांनी ड्रॉवरमधून झाकण काढलं आणि यंत्रावर बसवलं. चहाला कुणीच हात लावला नाही.

"सर," मी निघताना त्यांनी विचारलं, "तिला अजून तेवढंच दिसतंय का?"

घरी आलो तर करुणा वही घेऊन बसली होती. गुरुवारच्या चित्रात गोल एकमेकांना चिकटले होते, तुतीच्या फळासारखे. शुक्रवारच्या चित्रात आत पोकळी, एका कडेला गोळा. शनिवारी ती आईबरोबर आली तेव्हा चित्रातलं कडं पातळ झालं होतं आणि उजवीकडे वर फुगवटा आला होता.

फोटोत लेसरचा नेम तिथेच होता. मी तिला ते सांगितलं नव्हतं.

"दुखतं?"

"नाही, सर. हलतं."

"गुरुजी, तुमी शास्त्र शिकवता," रंभाबाई म्हणाल्या. "सांगा की, ह्ये काय हाय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

रविवारी करुणा तासालाच आली. हातरुमाल नव्हता. ओसरीवर सात पोरं तराजूचं चित्र काढत होती. तिने वही उघडून दाखवली.

कडं एका बाजूला फुटलेलं. आत काही नाही.

"डाग गेला, सर." उजवा डोळा झाकून तिने कॅलेंडरवरची बारीक अक्षरं घडाघडा वाचली.

"वाचला बाई डोळा!" रंभाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मला मात्र खात्री हवी होती. "डोळ्यातलं काही असेल तर ते नजरेबरोबर फिरतं. बाहेरचं असेल ते जागच्या जागी राहतं. वर बघ."

"काही नाही."

"खाली."

तिने चटईकडे पाहिलं. आणि पाहतच राहिली.

"उजवीकडं. आता डावीकडं."

नजर गेली, आणि दोन्ही वेळा त्याच जागी परत आली.

"करुणा?"

"सर," ती हळू म्हणाली, "त्या मुलीला जरा सरकायला सांगा."

चटईच्या कडेला चौथीतली सोनम बसली होती. मी तोंड उघडायच्या आत ती सरकली. वहीतून डोकं वर न काढता, कुणी शेजारी बसायला आल्यावर सरकावं तशी.

वीतभरच जागा केली तिने.