काजळीचं अकराशे किलोमीटरचं घर

किलोमीटर ०. काजळी ६८, ढब्बू ४१.

काचेच्या कोपऱ्यात आकडे उमटले. प्रणाली उरकुडेनं सीटबेल्टच्या आधी ते वाचले. दोन्ही मांजरांच्या गळ्यातले पट्टे नाडी आणि श्वास मोजून त्यांचा ताण सांगत. शून्य म्हणजे उन्हात पसरलेलं मांजर, शंभर म्हणजे डॉक्टरच्या टेबलावरचं.

"अडुसष्ट म्हणजे पास का नापास?" शेजारच्या सीटवरून तिच्या सासूबाईंनी, पर्वताबाईंनी विचारलं.

"नापास, आई. इथं कमी मार्क मिळवायचे असतात."

"मंग नितेशले लावा लागत होता हा पट्टा. शाळेत पहिला आला असता."

नितेश, म्हणजे प्रणालीचा नवरा, महिन्यापूर्वीच गुहागरला समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर रुजू झाला होता. चंद्रपूरकडची कोळशाची खाण बंद पडली होती आणि खाणीची वसाहत सोमवारी पाडणार होते. परतायला घर नव्हतं. गाडी स्वतःच वळली, स्वतःच फाटकाबाहेर पडली. मागे दोन पिंजरे होते. टपावर एक जुना लोखंडी कूलर बांधलेला होता.

"कोकणात कूलर चालत नाही, आई," प्रणालीनं शेवटचा प्रयत्न केला. "हवाच ओली असते."

"चाललाच ना तो आता. टपावर बसून."

किलोमीटर ९०. काजळी ७१, ढब्बू ४४.

कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं. माणसं सोबत असली तरी मांजराला घर हलल्याचं कळतं, ते नाकानं. यावर तोडगा म्हणून गंधपेटी निघाली होती. पंधरा दिवसांपूर्वी कंपनीचा तंत्रज्ञ येऊन खोल्याखोल्यांत जाळीदार कृत्रिम नाक ठेवून गेला. त्या नाकानं घराचा वास घटकाघटकांनी नोंदवला. आता तीनशे चाळीस कुप्यांमधून तेच घटक त्याच प्रमाणात मिसळून पेटी गाडीत सोडत होती. मांजरापुरतं बोलायचं, तर घरच निघालं होतं अकराशे किलोमीटरच्या प्रवासाला.

निदान जाहिरातीत तसं म्हटलं होतं.

काजळी तेरा वर्षांची होती. काल सकाळी सामान बांधायला घेतल्यापासून तिनं तोंडात काही घेतलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काल स्पष्ट सांगितलं होतं, "या वयात दोन दिवस उपाशी राहिली तर यकृत जाईल. उद्या मावळतीपर्यंत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. नाहीतर भूल देऊन नळी घालावी लागेल, आणि त्या भुलीतून ती उठेल असं मी म्हणणार नाही."

ती मावळती आजची.

किलोमीटर २१०.

इथं काही घडलं नाही. ढब्बू शिंकला.

किलोमीटर ३४०. काजळी ८४, ढब्बू ६०.

शिजवलेली कोंबडी: नाही. सुकट: नाही. पर्वताबाईंच्या बोटावरची साय: नाही, आणि वर एक ओरखडा.

"ढब्बू पुन्हा शिंकला," पर्वताबाई म्हणाल्या. "सर्दी झाली का याले?"

प्रणालीचा हात थांबला. मांजर सर्दीशिवायही शिंकतं. खाणीच्या हवा-तपासणी प्रयोगशाळेत तिची नऊ वर्षं गेली होती. कशानं कोण शिंकतं, हे तिला माहीत होतं. तिनं पेटीतली घटकांची यादी उघडली.

फिनेल. लिंबाचा साबण. धूप. पुन्हा फिनेल. ओला चुना.

कोळशाच्या वायूंपुढे शून्य होतं. गंधकापुढे शून्य. खाणीपासून चारशे मीटरवरच्या घरात!

"आई."

"काय व?"

"पेटीच्या त्या माणसानं फोनवर सांगितलं होतं, तो येईपर्यंत आठ दिवस घर झाडायचं नाही, पुसायचं नाही. आहे तसं ठेवायचं."

"हाव. सांगितलं होतं."

"मग?"

पर्वताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कपाशीची रिकामी शेतं मागे पळत होती.

"परका माणूस घरात येणार, अन् कोळसा तसाच ठेवू? थोडंसं पुसलं."

"थोडंसं म्हणजे?"

"भिंतीबी पुसल्या. खिडकीजवळ चुन्याचा एक हात मारला." मग आवाज अगदी खाली आला. "अन् काजळीले."

"काजळीला काय?"

"अंघोळ."

प्रणालीनं वळून पिंजऱ्यात पाहिलं. गेले पंधरा दिवस डोळ्यांसमोर असूनही निघण्याच्या घाईत तिला ते दिसलं नव्हतं. काजळी पांढरी होती. तेरा वर्षांत पहिल्यांदाच.

किलोमीटर ४१५. काजळी ८९.

पर्वताबाईंनी पुन्हा सायीचं बोट पुढे केलं: नाही.

किलोमीटर ५२०. काजळी ९१, ढब्बू ६६. जालन्याच्या अलीकडे. सूर्य दोन हात वर.

गाडी चार्जिंगला थांबली. प्रणालीनं फोनवर जवळच्या पशुरुग्णालयाचा पत्ता काढला आणि फोन हातात धरून ठेवला. पर्वताबाई गाडीबाहेर उभ्या होत्या. पदर तोंडाशी होता, नजर टपाकडे.

"प्रणाली, तो कूलर कुठं राहत होता?"

"खिडकीबाहेर. का?"

"मी घर पुसलं. कूलर नाही पुसला. बाहेरचं कोण पाहते?"

 मग प्रणाली चप्पल काढून टपावर चढली.

कूलरच्या वाळ्याच्या ताट्या काळ्या कुळकुळीत झाल्या होत्या. तीन उन्हाळे त्या बदलल्याच नव्हत्या. उन्हाळाभर घरात येणारी हवा त्यांच्यातूनच गाळून यायची. खाणीचा कोळसा, बोअरचं खारं पाणी, ओला वाळा, सगळं तिथं थरांनी साठलं होतं. आणि एप्रिल ते जून काजळी झोपायची कुठं, तर खिडकीत, या हवेच्या झोतात.

"कोरड्या ताटीला वास येत नाही," प्रणाली म्हणाली. "पाणी द्या."

पर्वताबाईंनी प्यायच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या वर दिल्या आणि प्रणालीनं त्या ताटीवर रिकाम्या केल्या. वाळा फुलला. वास असा उसळला, की शेजारच्या गाडीतला माणूस काच वर घेऊ लागला.

"घ्या, घ्या काच वर!" पर्वताबाई त्याला म्हणाल्या. "आमचं घर आहे ते!"

पेटीला जोडलेलं तेच जाळीदार नाक ताटीला भिडवून प्रणालीनं नवी नोंद सुरू केली. सात मिनिटं. फिनेल पुसलं गेलं. पडद्यावर गंधक आलं, डांबर आलं, वाळा आला. तिनं गाडीची दारं लावली आणि पेटी चालू केली.

९१.

९१.

८८.

काजळीनं मान वर केली. नाकपुड्या हलल्या. ७४. ती उठली आणि पिंजऱ्याच्या दाराला गाल घासू लागली. ६०. पर्वताबाईंनी श्वास रोखून साय लावलेलं बोट पुढे केलं. काजळीनं आधी बोट हुंगलं, मग चाटलं. मग वाटीत तोंड घातलं आणि कोंबडी खाताना घशातून असा आवाज काढला, की ढब्बू आपल्या पिंजऱ्यातून भांडायला लागला.

३३.

"पास!" पर्वताबाई ओरडल्या. "पास झाली व माय!" आणि चार्जिंगच्या रांगेतल्या सगळ्यांसमोर त्यांनी सुनेला कवेत घेतलं. दोघींच्या गालांवर कोळशाची बोटं उमटली. ती कोणीच पुसली नाहीत.

सूर्य अजून हातभर वर होता.

किलोमीटर ११३८. काजळी १९, ढब्बू १२. गुहागर, दुसऱ्या दिवशीची दुपार.

नव्या घरात गंधपेटी आधी गेली, मग मांजरं. काजळी शेपूट उभारून उंबरा ओलांडून गेली, जणू भाडेकरू बघायला आलेली मालकीण. नितेशनं कूलर उतरवला आणि काही विचारायला तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नको," पर्वताबाई म्हणाल्या. "तो इथंच राहीन. खिडकीत."

संध्याकाळी प्रणालीनं पेटीचा पुढचा टप्पा समजावला. उद्यापासून जुन्या घराचा वास रोज शंभरातला एक भाग कमी होईल, आणि तेवढीच इथली हवा, मीठ, आंब्याचा पाला आत येईल. शंभराव्या दिवशी पेटी रिकामी.

"अन् काजळीले समजन, का घर बदललं?"

"नाही. तिच्यासाठी ती कुठं गेलीच नाही."

पर्वताबाईंनी काजळीच्या पाठीवरून हात फिरवला. अडतीस वर्षं रोज दोनदा त्यांनी तो कोळसा पुसला होता, शिव्या देत पुसला होता.

"अन् मले समजन का?"

प्रणालीचं बोट पेटीच्या बटणावर होतं. काजळी खिडकीत, कूलरला पाठ टेकून झोपली होती. आकडा सातवर आला होता.

"आई," तिनं विचारलं, "शंभर दिवसांची मोजणी उद्यापासून सुरू करू, का तुम्ही सांगाल तेव्हा?"