दारात लिहिलेला आकडा

विक्क्या, तो मोबाईल खिशात टाक, नाहीतर घरी जाऊन पाहत बस. मोनाली, तू शेकोटीजवळ सरक. हे पाय, मी भूतबीत मानत नाही बाप्पा. आपल्यात कोणीच मानत नाही. पण अश्वजित पेंटरले मी तीस वर्षांपासून ओळखतो, अन् तो माणूस थापा मारणारा नाही. त्यानं मले सांगितलं तसं सांगतो. मंग तुमचं तुम्ही ठरवा.

अश्वजित आपल्या लोहारा गावचा. घाटंजीले उकंडाभाऊचं घर रंगवायले गेलता. उकंडाभाऊ त्याचा दूरचा मामा. मामाची पोरगी दीपमाला पहिल्या बाळंतपणाले माहेरी आलेली, नववा महिना. सासर मुकुटबनचं. उद्या बारशाले व्याही येतीन, तं घराचं तोंड चांगलं दिसलं पाह्यजे, एवढंच काम. भिंतीवर चाळीस वर्षांचा चुना, त्याच्यावर डिस्टेंपर, अन् सगळे पापुद्रे सुटलेले. अश्वजित म्हणे, "मामा, वरूनच रंग मारला तं पावसाळाबी काढणार नाही. खरवडूनच घ्या लागन."

दोन दिवस खरवडलं त्यानं, तोंडाले दुपट्टा बांधून, लोखंडी पट्टीनं. दुसऱ्या दिवशी दाराच्या बाजूले चुन्याखालून गेरूची अक्षरं निघाली. पहिले मलेरियाची फवारणी करणारे घरोघरी फिरत, भिंतीवर तारीख अन् घरातली माणसं लिहून जात. तुम्ही नसन पाह्यलं. तिथं लिहिलं होतं, १९९४, माणसे ५.

मामी, म्हणजे कौसल्याबाई, चहा घेऊन आली अन् पाहून तिथंच थांबली. म्हणे, "तवा आम्ही सहाजण होतो. लिहिणारा चुकला म्हटलं. आठ दिवसांनी दीर विहिरीत..." चहा तिथंच खाली ठेवला. मंग म्हणे, "खरवडून टाक बापू ते."

त्यानं टाकलं खरवडून. वरून पुट्टी भरली.

तिसरा दिवस म्हणजे बारा डिसेंबर, मंगळवार, दोन हजार तेवीस साल. प्रायमरचा हात मारता मारता अंधार पडला. सात वाजले होते. हॅलोजन लावून अश्वजित लाकडी घोडीवर उभा. मामी आत भाकरी टाकून राह्यली होती, मामा अंगणात खाटेवर, दीपमाला दारात पाय लांब करून बसलेली.

रस्त्यावरून एक माणूस आला. खाकी सदरा, हातात डबा अन् ब्रश. अश्वजितले वाटलं, असन कोणी सर्व्हेवाला. हे लोक काय, कवाही येतात.

"घरात माणसं किती?"

आवाज साधाच होता. मामानं तंबाखू मळता मळता सांगून टाकलं, "दोघं."

अश्वजित वरून म्हणे, "मामा, अन् दीपमाला?"

"ती पाहुणी ना बे. लग्न झालं का पोरगी लोकाची. तिची मोजणी तिच्या घरी."

दीपमाला हासली. "बाबा, मी माणसात नाही का?"

"अवं, तिकडे मोजतीन तुले."

तो माणूस भिंतीजवळ आला. ओल्या प्रायमरवर त्यानं लिहिलं. तारीख. माणसे २. अन् गेला.

अश्वजितची तळपायाची आग मस्तकात गेली. आताच मारलेला हात होता ना. उतरला, ओला फडका घेतला अन् पुसलं. प्रायमर निघाला... अक्षर नाही निघालं.

ओल्या रंगावर गेरू पसरते. हा पसरला नव्हता. वाळलेला होता. जुना असावा तसा.

पट्टी घेतली. खरवडलं. पुट्टी निघाली. खाली वीट... विटेवरबी दोन.

त्यानं रस्त्याकडे पाह्यलं. रस्ता सरळ. खांबावर लाइट. कोणी नाही.

खरवडण्याचा आवाज ऐकून मामी बाहेर आली. भिंत पाह्यली. मंग नवऱ्याकडे पाह्यलं.

"कोणाले सोडलं तुम्ही?"

मामानं दीपमालाकडे पाह्यलं.

"मी विचारून राह्यली... कोणाले सोडलं?"

तिनं अश्वजितचा ब्रश हिसकला. उद्यासाठी आणलेल्या निळ्या रंगात बुडवला. दोनावर तीन काढला. रस्त्याकडे तोंड करून म्हणे, "तिघं आहो आम्ही. ऐकलं का... तिघं आहो."



दीपमाला चौकट धरून उठली. "आई, पाणी गेलं वाटते."

यवतमाळच्या रस्त्यात गाडीतच बाळ झालं. पोरगा. चांगला रडला. दीपमाला दवाखान्यापर्यंत पोचली नाही. तेवीस वर्षांची पोरगी होती रे. आजबी उकंडाभाऊ समोरून आला तं मी रस्ता बदलतो. त्याच्याशी काय बोलावं, मले समजत नाही.

थांब विक्क्या, उठू नको. झालं नाही अजून.

सातव्या दिवशी मुकुटबनले दीपमालाचं पुण्यानुमोदन होतं. मामा-मामीसंगं अश्वजितबी गेला. जावयाच्या घरी जावई, त्याची माय अन् बाप, एवढीच माणसं. आता लेकरूबी तिथंच आणलं होतं. बाया रडून राह्यल्या होत्या. पण पेंटर माणूस, त्याची नजर पहिले भिंतीवरच जाते. दाराच्या बाजूले गेरू होता. तारीख तीच, बारा डिसेंबर.

त्यानं दीपमालाच्या सासूले बाजूले घेऊन विचारलं. ती म्हणे, "आलता ना कोणी, मंगळवारी. टीव्हीवर सातच्या बातम्या लागल्या होत्या. आम्ही म्हटलं, तिघं. सून माहेरी हाये, तिले तिकडेच मोजा."

आता सांगा, घाटंजी ते मुकुटबन सत्तर किलोमीटर तं असनच. सात वाजता घाटंजीले, अन् सातलेच मुकुटबनले.

अश्वजितनं पुन्हा विचारलं, "तीनच सांगितले ना तुम्ही?"

"हो ना बापू. तीनच."

सात दिवसाचं लेकरू तिच्या मांडीवर झोपलेलं होतं, मंगळवारी सातले तं ते जन्मलंबी नव्हतं. भिंतीवर लिहिलं होतं, माणसे ४.