तिसऱ्या खांबाखाली

“क्लेओ, तुझ्या केसांत पीठ कुठून आलं?” मिर्टोने विचारलं.

उत्सवाला एक दिवस उरला होता. गावातले माग थांबले होते, बकऱ्या मोठी माणसं चरायला नेत होती आणि मुलांना चार दिवस मोकळं रान मिळालं होतं. टेकडीवरच्या हेरादेवीच्या देवळात गाण्याची तालीम नुकतीच संपली होती. मिर्टोची धाकटी बहीण क्लेओ यंदा पहिल्यांदाच गाणाऱ्या मुलींत उभी राहणार होती. सात वर्षांची ती पोर सकाळपासून हवेतच होती.

“पीठ नाही काही. मी गात होते, तर वरून पडलं.”

मिर्टोने ते बोटावर घेऊन पाहिलं. लाकडाचा बारीक भुसा होता. तिने मान वर केली आणि दोन पावलं मागे सरली. क्लेओची जागा ओसरीतल्या तिसऱ्या खांबाखाली होती. ओकच्या लाकडाचा तो जुना खांब कालच तांबडाभडक रंगवला होता. पूर्वी देवळावर गवताचं हलकं छप्पर होतं. यंदा कोरिंथहून आणलेली जड कौलं चढली होती.

“झालं हिचं सुरू,” शेजारचा दामोन म्हणाला. “आधी हंसांना घाबरायची, मग विजेला. आता खांबालाही घाबरतेय, भित्री भागूबाई.”

“तू गप रे,” त्याची बहीण फिला म्हणाली. “परवा बोकड बघून झाडावर कोण चढलं होतं?”

“मी अंजिरं काढायला चढलो होतो.”

“ते ऑलिव्हचं झाड होतं.”

मिर्टोला हसू आलं नाही. तिने खांबाला कान लावला. आत काहीतरी बारीक कुरतडत होतं.

फिलाला युक्ती सुचली. माळा बांधायची शिडी भिंतीला टेकून होतीच. दामोन चढला आणि खांबाच्या डोक्यावरच्या खिळ्याला त्याने मिर्टोच्या सुताचा दोरा बांधला. खालच्या टोकाला खडा, जमिनीपासून एक काडी मावेल इतकाच वर. शेजारच्या दगडी खांबालाही तसाच दोरा लावला. मग तिघं पायरीवर बसून सातूची भाकरी खात राहिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा दगडी खांबाचा खडा अजून लोंबत होता. तिसऱ्या खांबाचा खडा जमिनीवर टेकला होता आणि दोरा सैल पडला होता.

“दोरा ताणला असेल,” दामोन म्हणाला, पण तो खांबापासून मागे सरकला होता.

“दोन्ही दोरे एकाच सुताचे आहेत,” मिर्टो म्हणाली. “खांब खाली बसतोय.”

बांधकामाचा मुकादम बात्तोस कौलं मोजत होता. त्याने ऐकून घेतलं, खड्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

“याच्या जागचा दगडी खांब खाणीतून यायचाय अजून,” तो म्हणाला. “उत्सव झाला की बघू. शंभर वर्षं उभा आहे, उद्या पडतोय होय? चला, पळा.”

“काका, त्याच्याखाली मुली उभ्या राहणार आहेत.”

“पळा म्हटलं ना.”

घरी आई म्हणाली, बात्तोसला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पुजारीण थेआनोआजी तर उत्सवाआधी तीन दिवस कुणालाच भेटत नसे. क्लेओला जाऊ नको म्हणावं, तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं. आणि क्लेओ थांबली असती तरी बाकीच्या बारा मुलींचं काय?

“वेदीवर बसायचं,” तिघं पुन्हा भेटली तेव्हा फिला म्हणाली. “मागच्या वर्षी तो खलाशी नव्हता का बसला शरण म्हणून? त्याचं ऐकेपर्यंत पूजा खोळंबली. हात लावायची कुणाची टाप नव्हती.”

“मी बसतो,” दामोन म्हणाला.

“खोट्या भीतीने बसलेल्याला देवी सोडत नाही. तू घाबरलायस का?”

“मी? छे.”

दोघांनी मिर्टोकडे पाहिलं. मिर्टोचे हात केव्हाचे थरथरत होते.

सकाळी मिरवणूक टेकडीवर पोचली तेव्हा मिर्टो देवळासमोरच्या वेदीवर बसलेली होती. हातात शरण आलेल्याची खूण म्हणून पांढरी लोकर गुंडाळलेली ऑलिव्हची फांदी होती. सगळा गाव तिच्याकडे बघत होता. तिला पळून जावंसं वाटत होतं, पण ती तिसऱ्या खांबाकडे बघत बसून राहिली.

“ऊठ, कार्टे,” बात्तोस पुढे झाला.

“हात लावू नका,” थेआनो म्हणाली. ती वाकून मिर्टोशी हळू बोलली. “कुणापासून वाचायला शरण आलीस, बाळ?”

“खांबापासून.”

लोक हसले. मिर्टोच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने फांदी सोडली नाही. “तिसऱ्या खांबापासून, आजी. तो आतून पोखरलाय. माझी बहीण त्याच्याखाली उभी राहणार आहे.” मग भुसा, दोरे, खडे, सगळं तिने सांगितलं.

“पोरखेळ आहे हा,” बात्तोस म्हणाला. “खांब पक्का आहे.”

“मग मुलींऐवजी तुम्हीच उभे राहा ना, काका,” फिला म्हणाली. “एक गाणं होईपर्यंत.”

आता कुणी हसलं नाही. थेआनोने मुलींना आपल्याजवळ बोलावलं आणि बात्तोसकडे पाहिलं. बात्तोसने घाम पुसला. तो पायऱ्यांपर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला. मग लोकांकडे बघून त्याने पाय उचलला.

“नको,” मिर्टो किंचाळली. “काका, नका जाऊ.”

तो दचकून थांबला. तेवढ्यात वर कडाडलं. तांबडा खांब मधोमध फुगला, फाटला आणि कौलांसकट ओसरीचा तो कोपरा खाली आला. धूळ बसली तेव्हा बात्तोस खालच्या पायरीवर बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. समोर क्लेओच्या जागी कौलांचा ढीग होता. क्लेओ थेआनोच्या पदराआडून तो बघत होती. तिने रडायलाही सुरुवात केली नव्हती.

“मला ठाऊक होतं,” बात्तोस पुटपुटला. “रंग लावताना मला भोकं दिसली होती.”

थेआनोने मिर्टोला वेदीवरून उतरवलं. मिर्टोला उभं राहवेना, तेव्हा म्हातारीने तिला कडेवर घेतलं, अकरा वर्षांच्या घोडीला. “गावात आम्ही एवढे शूर,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पण वर बघितलं ते हिने.”

पुढच्या वर्षी तिथे दगडी खांब उभा राहिला. उत्सवाच्या सकाळी मुली ओळीने निघाल्या, तशी थेआनोने काठी आडवी धरली.

“आधी मिर्टो.”

मिर्टो एकटी पायऱ्या चढली. तिने कान लावला, दोरा बांधला, खडा सोडला आणि समोर बसून राहिली. ऊन चढलं. गाव उभा होता, बात्तोसही.

“झालं का, भागूबाई?” दामोनने खालून विचारलं. “भूक लागली.”

“थांब,” मिर्टो म्हणाली.

आणि सगळा गाव थांबला.