आर्विडच्या झाडावरचं मचाण

ही घटना खरी आहे. रेनो कांगासचा पाय अजून वाकडा पडतो, आणि थापा मारून पाय वाकडा होत नाही.

तेरा नोव्हेंबर. मिशिगनच्या उत्तरेचं जंगल. हरणांची शिकार सुरू व्हायला दोन दिवस. दुपारचे दोन.

तिकडे एक रीत पाळतात. शिकारी मेला की तो ज्या झाडावर बसायचा, ते एक हंगाम रिकामं ठेवायचं. रेनोचा चुलतभाऊ आर्विड जुलैत गेला होता. त्याचा मेपल ओढ्याकाठी. हरणं अगदी खालून जायची. एवढी जागा वाया जाणार, हे रेनोला बघवेना.

"पेट्रोल भरून येतो," त्याने शिकारीच्या खोपटात मेहुण्याला, ओनीला सांगितलं.

"गुत्त्यावर चाललोय म्हण की सरळ!"

रेनो नुसता हसला. म्हणजे तो कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मचाण लोखंडी शिडीचं, वरच्या टोकाला बैठक. ऐंशी किलो. उभं करायला तीन माणसं लागतात, असं त्यावरच छापलेलं. रेनोने दोन दोर घेतले, तिसरी स्वतःची अक्कल. हिशेब जमला.

शिडी उभी राहिलीसुद्धा. फक्त वरचा पट्टा खोडाला बांधायचा राहिला. एकाने चढायचं, दोघांनी खाली धरायचं.

तो चढला.

अकराव्या पायरीवर शिडी फिरली...

तो पाठीवर पडला. मग शिडी त्याच्या मांडीवर.

हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला. आधी कळ आली. मग तीही गेली. शिडी हलेना. ओरडून घसा बसला. बर्फ भुरभुरू लागलं. अंधार पडेपर्यंत आपण गारठून संपणार, हे त्याला कळलं. कळलं एवढंच, काही वाटलं नाही.

टकटक करणारा सुतारपक्षी थांबला.

वारा थांबला.

मग पाचोळ्यात पावलं... डोक्यामागे येऊन थांबली.

"ओनी?"

कुणीतरी खोकलं.

तो खोकला रेनोने खोपटात चाळीस हंगाम ऐकला होता. जुलैत तो थांबला होता...

मांडीवरचं वजन उतरलं. पुढचं त्याला आठवत नाही.

शुद्धीवर आला तेव्हा ओनी त्याचे गाल चोळत होता.

"गाढवा! पडलास कसा?"

"शिडी... अंगावर..."

"कुठली शिडी? ती बघ की झाडाला!"

शिडी मेपलला टेकून उभी होती. वरचा पट्टा करकचून बांधलेला. पंधरा फूट उंचीवर.

"तू... इथे कसा आलास?"

ओनीने मागे वळून झाडीकडे पाहिलं.

"दारावर थाप पडली. उघडलं तर कोणी नाही. पुढे झाडीत कुणीतरी खोकत चाललं होतं. वाटलं तूच, पिऊन भरकटलायस. मागे मागे आलो."

"पावलांचे ठसे?"

"माझेच होते फक्त."

रेनोच्या मांडीत सळई घातली. गुडघ्याखाली अजून चिमटा काढलेला कळत नाही. झाड एक हंगाम रिकामं ठेवायचं होतं. आता सहा झाले. मचाण उतरवायला कोणी तयार नाही.

गेल्या नोव्हेंबरात काठी टेकत तो एकटाच तिथे गेला. रात्रभर बर्फ पडलं होतं. फांद्यांवर वीतभर, पायऱ्यांवर वीतभर.

वरची बैठक मात्र कोरडी होती. माणूस बसेल एवढीच...

रेनो तिथे तासभर उभा राहिला. त्याला भीती वाटली नाही.

हेच तो ओनीला पुन्हा पुन्हा सांगतो... भीती वाटली नाही, उलट वर जाऊन शेजारी बसावंसं वाटलं.