न ऐकलेलं इंजिन

"माह्या पोराले ज्यानं मारलं तो कोठडीत हाय, ताई. मले फक्त पुरावा पायजे."

भगवंतराव राखोंडे हे अकोल्यातले फुलांचे ठोक व्यापारी. खासगी गुप्तहेर नीलम तायडेच्या अमरावतीतल्या ऑफिसात ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. बायको आधीच गेलेली. एकुलता एक पोरगा, स्वप्निल, दिवाळीआधी हायवेवर टँकरखाली गेला. ओव्हरटेक करता करता त्याच्या गाडीची ताकदच गेली होती.

"पोलिसांनी इंजिन खोललं," ते म्हणाले. "नवा कॅमशाफ्ट झिजून गुळगुळीत! त्या प्रीतम मेकॅनिकनं बसवलेला. पोराचा दोस्त म्हणे! शर्यतीत स्वप्निल पुढं जाऊन राहिला होता, ते त्याच्या पोटात दुखे."

"तुम्हाला इंजिनातलं कळतं?"

"कळत नाही, कदर हाय. मळ्यातलं डिझेल इंजिन माह्या बापानं सोत्ताच्या हातानं सुरू केलं. हळूहळू चालू देल्लं, नारळ फोडला. अजून पाणी फेकते. आजकालचे पोट्टे नुसते कान फाडतात."

ते गेल्यावर ओमप्रकाशनं सुस्कारा सोडला. हा एसटीचा निवृत्त कंडक्टर आता नीलमचा मदतनीस होता. माणूस सोन्यासारखा, पण डोकं जरा पॅसेंजर गाडीचं. "ताई, कॅमशाफ्ट म्हणजे काय असते?"

"इंजिनातली दांडी. तिच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, ते व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा झिजला की व्हॉल्व्ह उघडत नाही, अन् इंजिनाचा श्वास कोंडतो."

नीलम आणि ओमप्रकाश कोठडीशी पोचले तेव्हा प्रीतमचे डोळे रडून सुजले होते.

"ताई, नवा कॅम पहिल्यांदा चालू केला की वीसेक मिनिटं इंजिन चढ्या वेगातच ठेवा लागते. तवाच तो मुरते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसवला अन् स्वप्निलले सांगतलं, मी येईपर्यंत चावी फिरवू नको. दसऱ्याले मी धामणगावले घरी होतो, तो अचलपूरले मामाकडे. दुसऱ्या दिवशी येऊन मीच चालू केली."

"मधल्या दिवशी चावी कुठं होती?"

"एक त्याच्या खिशात. दुसरी त्याच्या घरीच."

"गाडीत काही वेगळं दिसलं?"

"झेंडूचा हार होता बोनेटवर. दसराच होता ना. स्वप्निल हसला. म्हणे, बाबानं पूजा केली, आता गाडीले काही होत नाही." प्रीतमनं कपाळ गजांवर टेकवलं. "मीच मेलो असतो तं बरं झालं असतं."

कॅमशाफ्ट विकणारा जीवन आधी तोऱ्यात होता. "डुप्लिकेट माल? माह्या दुकानात?"

"त्याच खोक्यातले बाकीचे कुठं गेले?"

"चार गाड्यांत बसवले. चारही धावून राहिल्या. जा, पाहून घ्या!"

नीलमनं खरंच पाहिलं. चारही ठणठणीत होत्या. झिजलेली दांडीही तिनं तपासून घेतली. पोलाद अस्सल निघालं, इंजिनातलं तेलही बरोबर होतं.

"मंग प्रीतमच," ओमप्रकाश म्हणाला. "मेहनत चुकवली पोट्ट्यानं."

अकोल्यात जठारपेठेत राखोंड्यांच्या शेजारी मनकर्णाबाई राहत. गाडीचं नाव काढताच त्या उसळल्या.

"अवो बाई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या प्रीतमनं गाडी अशी बोंबलवली! घंटाभर कान वाजत होते. मांडणीवरचे गिलास पडले माह्ये."

"आणि दसऱ्याला?"

"दसऱ्याले शांत होतं. सकाळी आरतीची घंटी तेवढी आयकू आली."

मग ती दोघं भगवंतरावांकडे गेली. त्यांनी मोबाइलमधला दसऱ्याचा फोटो दाखवला. गाडीला हार, पुढं निरांजन, भोवताली ठसठशीत रांगोळी.

"मागून पुसली हाय रांगोळी," ओमप्रकाश कुजबुजला. "मांजर गेलं असन."

नीलम फोटोकडे पाहतच राहिली. बाहेर येऊन ती कठड्यावर बसली.

"प्रीतमनं मेहनत चुकवली नाही, ओमप्रकाशभाऊ. मनकर्णाबाईंचे गिलास साक्षीदार आहेत. माल अस्सल, तेल बरोबर, तरी कॅम मेला. म्हणजे प्रीतमनं पहिल्यांदा चालू केली, ती पहिली वेळ नव्हतीच."

"मंग कोनं...?" ओमप्रकाशला उमगलं तसा तो खालीच बसला. "नका सांगू, ताई. थो मानूस मरन."

"न सांगावं तर तो पोरगा आत सडेल. मला का हे सुचलं, देवा!"

ती दोघं पुन्हा आत गेली.

"भगवंतराव, दसऱ्याला गाडी तुम्ही चालू केली होती."

"हो," ते सहज म्हणाले. "आमच्यात नवं इंजिन घरातल्या मोठ्याच्याच हातानं सुरू होते. नवा कॅम म्हणजे नवंच इंजिन ना? घरची चावी होती. आरती होईपर्यंत हळूच चालू ठेवली. आवाज नाही, काही नाही."

"फोटोत रांगोळी पुसली आहे ती नेमकी सायलेन्सरखाली. धुराच्या झोतानं उडाली." नीलमनं फोटोतल्या त्या जागेवर बोट ठेवलं. "तुमचं डिझेल इंजिन हळू चाललं तरी सोसतं. शर्यतीच्या इंजिनातला नवा कॅम सोसत नाही. वेग कमी असला की त्याच्यावर पुरेसं तेल उडत नाही, अन् वरून कडक स्प्रिंगा दाबतात. त्या आरतीतच उंचवटे खरवडले गेले. दुसऱ्या दिवशी प्रीतमनं सगळं नीट केलं, पण खरवडलेलं पुन्हा भरून येत नाही. ते झिजत गेलं, हायवेपर्यंत."

भगवंतरावांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"मले कोनी सांगतलं नाही," ते म्हणाले. "मी कोनाले इचारलं नाही. पोराचं भलं व्हावं म्हनून... या हातानं..."

नीलमला त्यांच्याकडे पाहवेना.

"त्यानं हार पायला होता काय?" त्यांनी एकदम विचारलं. "काय म्हने थो?"

ओमप्रकाशनं पुढं होऊन त्यांचे हात धरले.

"हसला होता, भाऊ. म्हने, बाबानं पूजा केली, आता गाडीले काही होत नाही."

भगवंतरावांनी हात सोडवून घेतले. भिंत धरत ते उठले आणि खुंटीवरचा सदरा ओढला. बटणं त्यांना लावता येत नव्हती. ओमप्रकाशनं एकेक करून लावून दिली.

"चला," ते म्हणाले. "प्रीतमले घरी आनू. त्याचा बाप वाट पाहत असन."